ह्यांचा सिरीजचा दिवा

आमच्या ह्यांना ऐकू येत न्हाई, आन् धंदा कशाचा? तर आवाजाचा! मुखेडात लोक हसायचे. मी म्हणायची, हसा की! तुमचे मुके रेडिओ घेऊन शेवटी इथंच येता ना?

हे म्हणजे निवृत्ती. नांदेडला रेडिओचं काम शिकलेले. बहात्तरच्या दुष्काळात दुकानाला कुलूप लागलं, तवा आम्ही दोघंबी खडी फोडायला गेलो. तिथं एक सुरुंग अवेळी उडाला. जीव वाचला, कान गेले. तवापासून मीच ह्यांचे कान. रेडिओत घरघर असली की बोटं हलवायची, आवाज साफ असला की मूठ मिटायची. ओठ मात्र हे बराबर वाचायचे, म्हणून शिव्या द्यायच्या तर मला तोंड फिरवून द्याव्या लागायच्या.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सालची गोष्ट. जळकोटाकडचे गुरुलिंगआप्पा सकाळच्या एस्टीनं पोत्यात ॲम्प्लिफायर घालून आले, बगलेत भोंगा. जिल्हा झाल्याची सभा त्याच दिवशी चार वाजता, आन् मशीन जळालेली. एवढी मोठी मशीन आमच्याकडं पहिल्यांदाच आली. तिचे आवाज वाढवणारे दोन मोठे पुर्जे, ट्रान्झिस्टर, गेले होते, आन् आमच्यापाशी तसले दोनच होते. तेबी जळाले असते तर सभा बुडाली असती, आन् 'बहिऱ्याच्या हाती दिलं कुणी' म्हणत अख्ख्या बाजारानं पाठ फिरवली असती.

ह्यांनी जोडणी केली, पण लाइन थेट दिली न्हाई. मधी शंभर वॅटचा दिवा लावला, सिरीजमधी, म्हणजे लाइन आधी दिव्यातून जाऊन मंग मशीनीत. आत कुठं काय चिकटलं असलं तर दिवाच लाइन अडवतो, ट्रान्झिस्टर वाचतात.

"आवो, बटण दाबा की! दिवसाढवळ्या दिवा कशाला?" आप्पा कावले.

ह्यांनी बटण दाबलं. दिवा लख्ख पेटला आन् पेटलेलाच ऱ्हायला. ह्यांनी झटक्यात बंद केलं.

"गेलं का वो बाई?" आप्पांनी मला विचारलं.

"वाचलं. दिवा नसता तर गेलं असतं. बसा गुमान."

एका ट्रान्झिस्टरखालची अभ्रकाची चकती फाटली होती, त्याचं अंग पत्र्याला टेकत होतं. ह्यांनी चकती बदलली. परत बटण. दिवा एकदा चमकला आन् मंद होत विझल्यावानी झाला. मी भोंग्याला कान लावला. घरघर न्हाई. मी मूठ मिटली, तवा कुठं जीव भांड्यात पडला.

"माइकात बोल कायतरी," हे म्हणले.

आता काय बोलावं, बाई? मी आपली माहेरची ओवी धरली, लई मोठ्यानं. तर दिवा लुकलुकायला लागला! बिघडलं वाटून मी गप झाले. दिवाबी गप. परत गायले. आवाज चढला की मशीन जादा लाइन वढायची आन् दिवा उजळायचा, उतरला की मंद व्हायचा.

हे दिव्याकडं बघून राहिले, मंग माझ्याकडं.

"पंचशीला, हा तुझा आवाज हाय?"

मी मान हलवली. माझे डोळे भरून आले, ह्यांचेबी.

आप्पा उठले. "झालं ना? काढा तो दिवा, एस्टी जाईल."

आप्पांना घाई हाय, असं मी खुणावलं. गिऱ्हाइकाला कधी घडीभर न थांबवणाऱ्या माणसानं आप्पांना हातानंच बसवलं आन् हे मला म्हणले, "ऱ्हाऊ दे दिवा. अजून एक म्हण."