चालतं हॉटेल बंद करणारा माणूस

हॉटेल लाईनीतले किस्से गोळा करावे लागत नाहीत. कढईच्या बुडाला काजळी धरते तसे ते आपोआप साचतात. खरवडून काढा, चार दिवसांत पुन्हा तेवढेच!

माझं काम स्टीलची काउंटरं आणि भट्ट्या बनवायचं. गोंदियात नवीन हॉटेल निघालं की भटजींच्या आधी मला फोन येतो आणि बंद पडलं की नातेवाइकांच्या आधी. इकडे एकाचे नट आवळून होत नाहीत तोच तिकडून हाक येते, "भाऊ, खोलाले येता का?" या धावपळीनं घरी जेवायला बसलो तरी माझे पाय हलत राहतात. बायको वैतागते, "बसा ना नीट! ताट काही बंद पडून नाही राहिलं!"

* * *

एका पोरानं पुण्याहून येऊन इथं पिझ्झाचं दुकान टाकलं. मंद दिवे, उंच स्टुलं, इंग्रजी गाणी. काउंटर मीच केलेलं, म्हणून पहिल्या दिवशी हजर होतो.

अर्जुनी मोरगावहून त्याचे मोठे मामा आले. स्टुलावर चढायलाच त्यांना दोघांनी हात दिला. मामांनी एक अख्खा पिझ्झा संपवला, दुसराही संपवला. पोरगा खूश! मग मामांनी हात धुतले, पुन्हा स्टुलावर चढले आणि म्हणाले, "नाश्ता मस्त झाला. आता भात आना."

पोरगा हसला. पण पुढच्या गिऱ्हाइकानंही भातच मागितला. महिनाभरात पाटीवर 'पिझ्झा' खाली 'वरणभात मिळेल' आलं, मग 'पिझ्झा' गेला, आणि शेवटी पोरगाही परत गेला. काउंटर खोलायला मलाच बोलावलं.

* * *

आमच्याकडच्या पाहुण्यांना 'उद्घाटनाला या' म्हटलं की ते लग्नाला आल्यासारखे येतात, म्हणजे आहेर घेऊन. कुडव्याच्या एका हॉटेलात अशी भिंतभर घड्याळं झाली. एकाचा काटा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ! एकही उतरवायची सोय नाही, ज्याचं उतरवाल तो रुसणार.

एक गिऱ्हाईक भडकून ओरडलं, "ऑर्डर देऊन अर्धा तास झाला!"

मालक शांतपणे म्हणाला, "तुमी साडूच्या घड्याळात पाहून राहिले. मामाजीच्या घड्याळात पाहा, आत्ताच दिली!"

* * *

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे आमचा धनराजभाऊ. लोक हॉटेल चालत नाही म्हणून बंद करतात. धनराजभाऊ चालतं म्हणून बंद करतो!

स्टेशनजवळचं त्याचं पहिलं हॉटेल झकास चालायचं. सकाळी पोहे आणि चण्याच्या तर्रीला रांग लागायची. एक दिवस फोन आला, "ये बे, काउंटर खोल."

मी पळत गेलो. म्हटलं, "काऊन भाऊ? काय झालं?"

"का होते? चालून राहिलं ना!"

"मग?"

"मंग आता इथं पाहाचं का उरलं?"

त्याची बायको सुनंदावहिनी मागं कांदे कापत उभी होती. तिची सुरी जोरजोरात चालत होती. त्यांची पोरगी तेव्हा शाळेत होती. बापाचं हॉटेल हललं की तिची शाळा हलायची, मैत्रिणी हलायच्या. मी गुमान पाना काढला. आजही तो कांद्याचा आवाज आठवला की मला बरं वाटत नाही.

* * *

मग भाऊनं कोहमाऱ्याला ढाबा टाकला. हायवेचा चौक, ट्रकवाल्यांची गर्दी. ढाबा जोरात! पण दिवाळी झाली आणि मंडया सुरू झाल्या. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर एकेका गावाची मंडई भरते. त्या दिवशी गावचा माणूस कुठंही असो, घरी गेलाच पाहिजे, कारण पाहुणे येणार आणि रात्री नाटक असणार. आज रोटीवाला गेला, उद्या भांडीवाली, परवा आचारी निघाला. प्रत्येकाचं गाव वेगळं, मंडई वेगळी!

भाऊ आचाऱ्यावर ओरडला, "तू मंडईले जाशीन तं इथं भाजी कोन करन?"

आचारी म्हणाला, "तुमीच चाला ना मालक माया गावाले. बायको कोंबडा कापून राहिली."

आणि भाऊ गेला की! ढाबा तसाच उघडा टाकून, सगळे मिळून मंडईला. वहिनी तेव्हा माहेरी होती, नाही तर हे झालंच नसतं.

दुसऱ्या दिवशी परत येऊन बघतात तर ट्रकवाल्यांनी स्वतःच डाळ शिजवलेली, रोट्या भाजलेल्या, आणि कढई घासून पालथी घातलेली!

दुसरा असता तर पाया पडला असता. भाऊनं मला फोन लावला, "हा ढाबा माह्याबिगर चालते. मंग मी इथं कायले थांबू?"

* * *

त्यानंतर गोंदियाजवळ कुडव्याला हॉटेल. इथं मात्र वहिनीनं स्वयंपाकघर आपल्या हातात घेतलं. तिचा वडे कुस्करून घातलेला वडाभात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे खायला लोक टू-व्हीलर काढून गोंदियाहून यायला लागले. पोरगी दहावीत गेली. वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, आता इथून नाही हालाचं. पोरीची दहावी इथंच होईन."

तिला एवढंच पाहिजे होतं. बंगला नको, सोनं नको, एक जागा पाहिजे होती.

आणि धनराजभाऊला देवरीकडं एक जागा दिसली!

"उद्या येजो खोलाले," त्याचा फोन.

त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन. "भाऊजी, काउंटरचे पाय सिमेंटात गाडून देता का? तुमचे भाऊ देवरीले गेले आहेत, सकाळी येतीन."

आता काय करावं? एकाच घरातली दोन कामं, आणि एकमेकांच्या उलटी! लाईनीतला नियम असा की मालक म्हणेल तसं करायचं. पण त्या हॉटेलाचा मालक कोण, हे मला आधीच कळलं होतं. मी सिमेंट घेऊन गेलो.

सकाळी भाऊनं काउंटरला हात घातला. हललं नाही. खांदा लावला. हललं नाही. मी भिंतीकडं बघत उभा राहिलो.

वहिनी वडे तळता तळता म्हणाली, "काउंटर नाही हालत आता. तुमाले हालाचं असन तं हाला."

भाऊ हलला! पिशवी घेतली आणि देवरीला गेला.

* * *

देवरीचं उद्घाटन भाऊनं दणक्यात केलं. पण वडाभात मागणारे आले आणि आचाऱ्यानं केलेला खाऊन परत आले नाहीत. जन्मात पहिल्यांदा भाऊचं हॉटेल न चालल्यामुळं बंद पडलं. तिथली भट्टी मी काढली तेव्हा एकेक नट तोच उचलून डब्यात टाकत होता. मला फार वाईट वाटलं.

पोरीची दहावी झाली, चांगली पास झाली. त्याच आठवड्यात मी कुडव्याला वडाभात खात होतो. भरदुपारची गर्दी. बाहेर पाटी लावलेली, 'रोटीसाठी माणूस पाहिजे'.

धनराजभाऊ दारात आला. हातात तीच पिशवी. काउंटरसमोर येऊन उभा राहिला. वहिनीनं मान वर केली.

"का पाहिजे?"

"बाहेर पाटी पाहिली."

सगळं हॉटेल जेवायचं थांबलं. वहिनीनं पदराला हात पुसले.

"याच्या आधी कोठं काम केलं?"

"स्टेशनजवळ. मंग कोहमाऱ्याले. मंग देवरीले."

"एका जागी किती दिवस टिकता?"

भाऊनं पिशवी कोपऱ्यात ठेवली, खिळ्यावरचा टॉवेल खांद्यावर टाकला आणि आत गेला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तसंच ठेवून ती माझ्या ताटात आणखी भात वाढायला लागली.

तेवढ्यात आतून आवाज आला, "सुनंदे! हा तंदूर इथं कोनं ठेवला? याले तिकडे सरकव!"