नानांच्या वाक्यात मी घातलेला शब्द

नरडाण्याच्या दौलत नानांची बदनामी गेल्या सोमवारी, सकाळी दहा वाजता झाली. त्या वेळी गावात एक पत्रक वाटलं गेलं. ते मी लिहिलं होतं.

नाना हवाई दलातले निवृत्त टेक्निशियन. शेतात वीज पडून मजूर मरतात, शिवारात पक्की शेड बांधा, ही आमच्या संघटनेची मागणी. संघटनेची पत्रकं लिहिणं ही माझी नोकरी.

संघटनेच्या शिबिरात नानांनी समजावलं होतं. इंधन संपत जातं तशी टाकीत वाफ साठते. वीज पडून ठिणगी उडाली तर स्फोट. म्हणून आधुनिक विमान त्या रिकाम्या जागेत नायट्रोजन सोडतं; मग आत काही पेटत नाही.

"एका परदेशी लढाऊ विमानात ही यंत्रणा नीट चालेना," नाना त्यांच्या अहिराणी वळणाच्या मराठीत म्हणाले. "दुरुस्ती होईपर्यंत त्याला विजांच्या ढगांपासून लांब ठेवलं. हे छापून आलंय. विमानाला विजेत जायची मर्यादा शे, मग निंबाखाली उभ्या बाईला शेड नको?"

मथळा एका ओळीत बसला पाहिजे, एवढंच आम्ही शिकलेलो. नानांचं वाक्य मावेना. मी 'एका परदेशी' उडवलं आणि 'आपली' घातलं: 'विजा चमकल्या की आपली लढाऊ विमानं जमिनीवर! माजी सैनिकाची कबुली.'

"शब्द नानांचेच ना?" आमच्या सचिव रेखाताईंनी विचारलं.

"हो ताई. बिनधास्त छापा."

दुपारपर्यंत स्टँडवर लोक नानांना फितूर म्हणू लागले. शाळेने त्यांचा शनिवारचा वर्ग बंद केला. वीज कडाडली की कुठे थांबायचं, कसं बसायचं, हे ते मुलांना तिथे शिकवत. शेडचं तर कुणी नावही काढलं नाही.

संध्याकाळी मी गेलो. नाना ओट्यावर बसले होते.

"या, साहेब! आखो एक कबुली लेवाले उनात का?"

"नाही नाना, आणखी कबुली घ्यायला नाही आलो. चुकलो. माफ करा."

"माले काय सांगस? बठ्ठा गावले सांग."

म्हणून हे दुसरं पत्रक, सगळ्या गावासाठी. मथळा मावत नसेल तर मथळा बदलावा, माणसाचं बोलणं नाही. एवढं कळायला मला नानांची इज्जत घालवावी लागली. लाज वाटते.

आता तुम्ही. पहिलं पत्रक जिथे वाचलंत, तिथेच हे मोठ्याने वाचा. आणि उद्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगा: नानांचा वर्ग या शनिवारीच सुरू करा.