दहा लाख तीन, कशावरून?

माझं पत्रक हातात घेतलं की ती आधी ते उलटं करायची. मागची बाजू कोरी दिसली की म्हणायची, "चांगलं लिवलंस गो." पुढची बाजू मग वाचायची.

पेणला एस.टी. स्टँडजवळ तिचं झेरॉक्सचं दुकान. आधार कार्डाच्या प्रती काढायला तुम्हीही तिथे उभे राहिला असाल. बिघडलेल्या कागदांच्या पाठीवर ती भागाकार करत बसायची. मी चळवळीतली, पत्रकांच्या प्रती तिच्याकडेच काढायची. मला बघितलं की चिडवायची, "आज कोनाला पाडायचंय?" पत्रकात एखादं ठाम वाक्य दिसलं की त्यावर बोट ठेवायची. "कशावरून?"

कासूकडच्या मिठागरात राबणाऱ्या घरातली ही मुलगी. दहावीत गुरुजींनी फळ्यावर दहा लाख तीन लिहून सांगितलं, ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही. हिने विचारलं, "कशावरून?" गुरुजी म्हणाले, "खाली बस." दहावीनंतर शिक्षण थांबलं. प्रश्न मात्र तिने सोडला नाही.

"मोबाईल क्षणात सांगेल, ताई," मी एकदा म्हणाले.

"तो पन गुरुजींसारखाच. सांगतो, दाखवत नाय."

तिनेच मला समजावलं. दोन संख्यांचा गुणाकार दहा लाख तीन येत असेल, तर त्यातली एक हजाराच्या आत असणारच. दोन्ही हजाराच्या वर गेल्या तर गुणाकार पुढे पळतो. म्हणजे हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. एकशे अडुसष्ट भागाकार. गिऱ्हाईक नसेल तेव्हा एखादा.

एके दुपारी ती पांढरीफटक. सहाशे तेराने भाग गेला होता. बाकी शून्य.

"थांब जरा. उद्या परत बघते."

मी कसली थांबते! एका मुलीला गप्प बसवणारा मास्तर चुकीचा निघाला होता. त्याच संध्याकाळी रोह्याला, गुरुजी निवृत्त होऊन राहतात त्या गल्लीत, मी पत्रकं वाटली. 'गुरुजी, उत्तर द्या!'

सकाळी तिने उलटा गुणाकार केला होता. दहा लाख तीनला दोनशे कमी पडत होते. वजाबाकीत एक्क्याऐंशीच्या जागी एकसष्ट लिहिले गेले होते. मी वाटलेलं पत्रक दाखवलं. ती ओरडली नाही. माझ्याच वाक्यावर बोट ठेवून म्हणाली, "तू भागून बघितलंस काय?"

एवढी शरम मला कुठल्याच सभेत वाटली नव्हती. मी माफीचं पत्रक लिहिलं. तिने त्याची झेरॉक्स फुकट काढून दिली, पण म्हणाली, "आता सगले भागाकार पुरे झाल्याबिगर गुरुजींकडं जायचं नाय."

त्यानंतर प्रत्येक भागाकार तिने केला, मी उलटा पडताळला. शेवटचा नऊशे सत्त्याण्णवचा. बाकी बारा. तिने बाराखाली रेघ मारली आणि पेन खाली ठेवलं.

"गुरुजींना काय सांगणार?"

"तुमचं बरोबर होतं. आनि माझं विचारनं पन."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर दुकानाचं शटर खाली होतं. त्यावर चिकटवलेल्या माफीच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर तिचं ठसठशीत अक्षर: 'रोह्याला गेले आहे. कागद दाखवून होईपर्यंत खाली बसणार नाही.'