सोफीचा शनिवार

ट्रॅव्हलच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकं ते घरपोच आणून देतात. आमच्या गुडगावच्या ऑफिसातले चांगले किस्से मात्र सगळे सोफी चेऊलकरच्या टेबलावर घडायचे, माझ्या नाही. मला ते तेव्हाही सहन होत नव्हतं.

सोफी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातली मराठी ज्यू. ती दिल्लीतल्या द्वारकेची, मी मयूर विहारची. डबा आम्ही एकत्र खायचो. मटणाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून ती नारळाच्या दुधात मटण करायची, आणि तेही माझ्यापेक्षा चांगलं.

नव्वदनंतर लोकांच्या हातात पैसा खेळू लागला. सिंगापूर जुनं झालं आणि मंडळी थेट पेरूतल्या डोंगरांत, कुस्कोला निघाली. ज्यू पाहुणे आले की आमचे खन्नासाहेब म्हणायचे, "सोफीजी संभालेंगी. विद्याजी, आप वीज़ा देख लो."

मी व्हिसे बघायचे आणि जळायचे.

*

ठाण्याच्या एका ज्यू आजोबांच्या ताटात कुस्कोच्या हॉटेलनं अख्खा भाजलेला गिनीपिग ठेवला, दातांसकट. तिकडचं ते मानाचं पक्वान्न. आजोबांनी घाबरून सोफीला फोन लावला. सोफीनं हॉटेलला बजावलं, "आमच्या लोकांना खवले आणि पर असलेलाच मासा चालतो. शिजवण्याआधी दाखवत जा."

दुसऱ्या दिवशी ट्राउट मासा तबकात घालून आणला, मुलगी दाखवायला आणावी तसा. आजोबांचा पुन्हा फोन. "सोफी, पसंत आहे म्हणू, की घरच्यांना विचारून कळवतो म्हणू?"

ऑफिस हसत होतं. मी व्हिसाचे फोटो चिकटवत होते.

*

कुस्को इतकं उंच की उतरल्या उतरल्या डोकं गरगरतं. माझा करोल बागचा ग्रुप पहिल्याच दिवशी किल्ला बघायला धावला आणि संध्याकाळी ऑक्सिजन लावून पडला.

सोफीचे पाहुणे शुक्रवारी दुपारी पोचायचे. सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू. मग शनिवारभर प्रवास नाही, काम नाही, फोन नाही, लिफ्टचं बटणसुद्धा दाबायचं नाही. एवढी विश्रांती झाल्यावर रविवारी सगळे टुणटुणीत.

खन्नासाहेबांनी फर्मान काढलं, "सबको शनिवार करवाओ."

मी एका पंजाबी आंटींना हे समजावत होते. त्यांनी हात जोडले. "शनि महाराज का परहेज़ है ना, बेटा? बिल्कुल करेंगे. तेल भी चढ़ाना है?"

*

मग त्याच हॉटेलनं एजंटांसाठी फुकट सहल काढली. आमच्या ऑफिसला एकच जागा, आणि शेवटी डोंगरमाथ्यावरचं ते प्राचीन शहर, माचू पिचू. इतकी वर्षं मी ते फक्त ब्रोशरमध्ये बघत होते. नाव अर्थातच सोफीचं लागलं. त्या दिवशी तिचं मटण माझ्या घशाखाली उतरेना.

दोन दिवसांनी तीच म्हणाली, "विद्या, तू जा. शुक्रवारी रात्री विमानातच असणार, मला नाही जमायचं."

"अगं, असं कसं, एवढी संधी आलीय," मी तोंडानं म्हटलं. पासपोर्ट पर्समध्येच होता.

*

कुस्को बघून झालं. माचू पिचूची गाडी पुढच्या शनिवारी पहाटे होती, रविवारी परतीचं विमान. मी बूट घालून खाली आले तर बाकीचे एजंट निघून गेलेले. मॅनेजर मात्र हसतमुखानं उभा.

"मॅडम, काळजी नको. तुमचं आजचं तिकीट आम्ही कालच रद्द केलं. दिल्लीच्या ऑफिसचे पाहुणे शनिवारी प्रवास करत नाहीत, आम्हाला ठाऊक आहे."

"अहो, मी हिंदू आहे. मला चालतं."

तो आणखी प्रेमानं हसला. मी सोफीच्या घरी फोन लावला. द्वारकेत बेल वाजत राहिली. शनिवारी ती फोन कशाला उचलेल?

मी पुन्हा त्याच्यापुढे हात जोडले. "खरंच सांगते, मला चालतं हो."

"सोफी मॅडमनी तेही सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "पाहुणे भिडेपोटी 'आम्हाला चालतं' म्हणतील, अजिबात ऐकायचं नाही."

आणि डोंगर नीट दिसावेत म्हणून त्यानं माझ्यासाठी खिडकीशी खुर्ची ओढली.