राघोची सलग जमीन

पाऊस चार दिवस उघडला होता आणि भादव्याचं ऊन पाठ भाजत होतं. दिवा स्टेशनाच्या पलीकडं, खाडीकाठच्या खाऱ्या शेतांत भात पोटरीला आलेलं. राघो सकाळपासून बांधावर ओणवा होऊन खेकड्यांनी पाडलेली भोकं चिकण मातीनं बुजवत होता. एक बुजवावं तर पुढं दोन. खाडी अडवणाऱ्या या बांधावर पूर्वी अख्खा गाव उतरायचा. आता राघो आणि त्याची बायको आवडाबाई, एवढीच माणसं.

कारण शेतंही आता सगळी राघोचीच होती. दुसरी मोठी लढाई संपली तसे लोक एकेक करून गिरणीत, ठाण्याच्या कारखान्यांत निघाले आणि निघेल त्याचा वाटा राघोनं घेतला. घाई कधी केली नाही. भर पावसात जमीन बघायची, माती जिभेवर ठेवायची, शेजारच्या बांधकऱ्याला चाचपायचं, मगच विसार द्यायचा. तुकड्याला कुत्रं विचारत नाही, सलग असली की शेठ दारात येतो, हे त्यानं ओळखलेलं. त्यापायी डोंगराकडचं गोडं शेत विकलं, आवडाबाईचा गळा मोकळा केला.

डोंबिवलीचे प्रभाकरपंत घरांची सोसायटी काढत होते. ते म्हणाले होते, "मुंबईत माणूस मावेनासा झालाय, राघो. दसऱ्यानंतर आमची मंडळी जागा बघायला येतील. पण कोरडी हवी हो! चिखल तुडवायला कोण येतोय?"

अमावस्या होती. दुपारी उधाणाचं पाणी चढलं आणि उघाडीच्या, म्हणजे भरती अडवणाऱ्या लाकडी दाराच्या, बाजूला बांध पाझरायला लागला. राघोनं तोंडाशी हात धरून आरोळी ठोकली, "बांद गेला रंऽऽ!"

ही आरोळी कानावर पडली की वाटेकऱ्यानं हातातला घास टाकून घमेलं घेऊन धावायचं, अशी गावाची रीत. राघोनं दोनदा, तीनदा हाक दिली. आला एकटा दगडू. शेवटचा वाटा त्यानंच विकलेला. सुट्टीला घरी होता, म्हणून धुवट पायजमा वर धरून आला.

"बघतंस काय दगड्या? घमेला धर!"

"मना कशाला हाक मारतस? वाटा घेताना तूच बोल्लेला, शेतासंगं बांद पन माजा. त्याच नावावर भाव पाडलास ना?"

"अरं, गावाची रीत हाय ती."

"गाव कुठं ऱ्हायलाय, राघो? तू तर तो इकत घेतलास!"

बोलला खरा, पण दगडूनं पायजमा काढून झुडपावर फेकला आणि लंगोटीवर चिखलात उतरला. तिघांनी माती टाकली, पेंढा कोंबला, शेवटी आवडाबाई पाझराला नुसती पाठ लावून बसली. टाकलेली माती पाणी मागच्या मागं नेत होतं. मग बैलगाडीएवढा बांध एकदम खचला.

"सोडा आता!" आवडाबाईनं राघोचा दंड ओढला. "तुमी पन जाल."

खाडी आत शिरली. पोटरीतलं भात आडवं झालं, आणि थोड्या वेळानं त्यावर बोईट मासे उड्या मारायला लागले.

"पंताला काय सांगशील?" दगडूनं विचारलं.

"त्याला कोरडी पायजे," राघो म्हणाला.

बांध पुन्हा घालायला पन्नास माणसं लागणार होती, आणि मीठ मुरलेल्या मातीत वर्षानुवर्षं काही उगवणार नव्हतं. तोवर तिवरांचं रान माजेल. माती त्यानं चाखलेली, पाणी बघितलेलं. बांधाला लागणारा माणूस गाव सोडून गेला, की मात्र त्याला दर वेळी बरंच वाटलेलं.

दगडू पायजमा झटकून निघून गेला. आवडाबाईनं घरी येऊन चूल उकरली तर सरपण नव्हतं. राघोनं हातपाय धुतले, परसातला ओंडका उभा केला आणि कुऱ्हाड उचलली.