तायासाठी हरणं

साखर जाळायची म्हटल्यावर रेणूचा हातच चालेना. जन्मभर पाक जपलेली बाई ती. रव्याच्या लाडवांचा पाक जरा पुढे गेला तरी दिवसभर हळहळणार. आणि इथे साखर पातेल्यात नुसती तापवून पार काळपट करायची, धूर निघायला लागला की वर उकळतं पाणी ओतायचं! दर वेळी ती सोनेरी रंगावरच स्टोव्ह बंद करायची आणि बिस्किटं फिकट व्हायची. शेवटी मीच वैतागून तिचा हात धरला. "जळू दे गं बाई! त्यांच्याकडे जळकीच लागते, त्याला तू काय करणार?" स्मोक अलार्म बोंबलला, पण रंग आला.

कोझुली म्हणतात त्यांना. रशियाच्या उत्तरेला, अर्खांगेल्स्ककडची ही बिस्किटं. दालचिनी-लवंग घातलेलं पीठ लाटायचं, त्यातून हरणं नि पक्षी कापायचे, भाजायचे आणि वर आयसिंगची नक्षी काढायची. रेणूच्या नवऱ्याच्या, शैलेंद्रच्या, ऑफिसातल्या गालिनानं कृती सांगितली होती.

आम्ही इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला शेजारी. मी वसुधा, नागपूरची, तोंडाळ. रेणू सांगलीची, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. लग्नानंतर कित्येक वर्षं मुलासाठी झुरली ती. डॉक्टर झाले, नवस झाले, लोकांचे आगाऊ सल्ले झाले. त्यात माझेही होते. मग २००५ मध्ये दोघांनी रशियातून मुलगी दत्तक घ्यायचं ठरवलं. "आपल्याकडची का नाही गं?" मी विचारलंच. म्हणाली, "एजन्सीनं हिचा फोटो पाठवला, मग दुसरं काही बघावंसंच वाटेना." फोटोत अर्खांगेल्स्कच्या अनाथाश्रमातली चार वर्षांची ताया. केस मुलासारखे कापलेले, हातात हरणाचं बिस्कीट.

तिथल्या कायद्याप्रमाणे दोनदा जावं लागतं. पहिल्यांदा भेटायला, दुसऱ्यांदा कोर्टात, आणि मग पोरगी घरी. उन्हाळ्यात दोघं भेटून आले आणि आमची मुकी रेणू बोलायला लागली! तायाला बीट आवडत नाही, ताया मोजे काढून फेकते, ताया अशी हसते. मी फोन ठेवते म्हटलं तरी ऐकेना.

"इथे आल्यावर तिला सगळंच परकं असणार गं," ती म्हणाली. "भाषा परकी, आम्ही दोघं परके. एक तरी वस्तू तिच्या ओळखीची नको का घरात?"

म्हणून ही हरणं. गालिनानं दिलेल्या आयसिंगच्या पिशवीनं आम्हाला नक्षी जमेना, तेव्हा मी मेंदीसारखा प्लास्टिकचा कोन वळला आणि एका हरणाच्या पाठीवर झक्क कोयरी काढली. रेणूनं ती सुरीनं खरवडून टाकली. "अगं, तिला ओळखू यायला हवं." मला राग आला, खोटं कशाला सांगू.

डिसेंबर आला. तिकिटं काढून झाली होती. त्या सकाळी टेबलभर हरणं मांडून आम्ही नक्षी काढत बसलो होतो, आणि एजन्सीचा फोन आला. रेणू नुसतं "ओके, ओके" म्हणत राहिली. मग फोन खाली ठेवून मला म्हणाली, "तायाची मावशी आलीये तिला न्यायला. आपली कोर्टाची तारीख कॅन्सल केली त्यांनी."

सख्ख्या नातेवाइकाचा हक्क आधी म्हणे. अशी कोणी मावशी आहे, हे तोवर कुणाला ठाऊकही नव्हतं. माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं कुठे होती ही भवानी? वकील करा, भांडा! तयार झालेलं घर मोडते म्हणजे काय?"

"वसुधा, मावशी आहे गं ती," रेणू म्हणाली. "मावशीनं नेऊ नये, असं मी कोर्टात सांगू? मी?"

रेणूची आई रेणूच्या जन्माच्या वेळीच गेली. रेणूला वाढवलं ते मावशीनं, हे मला चांगलं माहीत होतं. मी उठून वाळलेली हरणं डब्यात भरायला लागले.

थोड्या वेळानं तिनंच एजन्सीला परत फोन लावला. मला वाटलं, आता भांडेल. तर इंग्रजीत सावकाश सांगत होती, की ताया झोपताना जवळच्या माणसाच्या कानाची पाळी धरते, हात काढला तर दचकून उठते, तेवढं मावशीला कळवा. पलीकडची बाई म्हणाली, बघू, प्रयत्न करू. "नाही कळवणार त्या," असं म्हणून रेणू ओट्याला टेकून ढसाढसा रडली. मीही रडले.

हरणं जानेवारीत हळदीकुंकवाला वाटली तिनं. बायका म्हणाल्या, "वॉव, काय क्यूट आहेत यार, रेसिपी दे ना!" रेणूनं प्रत्येकीला साखर किती जाळायची तेही नीट समजावून सांगितलं. माझ्या वाटचं हरीण मी रुमालात गुंडाळून घरी नेलं.

परवा मी पुन्हा आगाऊपणा केला. तीन वर्षं होत आली, म्हटलं आता बोलायला हरकत नाही. "रेणू, एजन्सीकडे अजून कितीतरी मुलं असतील. परत अर्ज कर ना. मिळेल गं तुला मूल."

"मला मूल नकोय गं," ती म्हणाली. "मला ताया हवी होती. आणि तिला मी सांगून आले होते, परत येते म्हणून."