मावसाजींचं त्रिकोणी शिवार

माझ्या मावसाजींइतका हट्टी माणूस वऱ्हाडात दुसरा नाही, आणि हे मी सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर चार वर्षं घसा फोडल्यावर लिहिते आहे. मूर्तिजापूरला ते गणिताच्या शिकवण्या घेत. उरलेला सगळा वेळ आमच्या गावाचं शिवार कॉम्प्युटरात उभं करण्यात जाई. कावून, ते विचारायचं नाही. बटण दाबलं की पडद्यावर पाऊस पडे. मावशीनं जेवायला हाक मारली तर म्हणत, "थांब, पाऊस चालू हाये." बाहेर मे महिन्याचं ऊन.

त्या दुष्काळी वर्षांत पुढारी यायचे, वाळल्या कपाशीत फोटो काढायचे, जायचे. आता गावाजवळचा रस्ता उंच होणार होता, आणि आराखड्यात पाणी जायला मोरीच नव्हती. म्हणजे रस्त्याला लागून असलेली, गावातल्या शमीमखालाची मेथी-सांबाराची, म्हणजे मेथी-कोथिंबिरीची वाडी बुडणार. शुक्रवारी अमरावतीला सुनावणी. मी मावसाजींकडे एकच मागितलं: पाणी कुठे तुंबेल त्याचं चित्र.

बुधवारी खालाला घेऊन त्यांच्याकडे गेले. शिवार सारख्या मापाच्या चौकोनांचं होतं, फरशी बसवल्यासारखं. पाऊस पाडला. खाला म्हणाली, "मास्तर, तुमचं पाणी सरळ चाललं. मायं तर धुऱ्याले धरून वळते." मावसाजींनी चौकोन मोजला. शेताशेतामधला धुरा हातभर रुंद, चौकोन तीस हातांचा. गावाचे सगळे धुरे चौकोनांच्या पोटात गडप झाले होते. मग त्यांनी मावशीची तिवई अंगणातल्या प्रत्येक खड्ड्यावर ठेवून पाहिली, नंतर शेजाऱ्यांच्या अंगणात. "चार पायाची खाट डुगडुगते, पोरी. तीन पायाचं कुठंबी बसते." आणि सहा महिन्यांचं काम पुसून ते धुऱ्याधुऱ्यानं त्रिकोण जोडायला बसले. मी भांडले: जुनंच द्या, साहेबाला काय कळतंय!

"त्याले नाई कळत. खालाले कळते."

सुनावणीत साहेबानं शांतपणे पुरावा मागितला. चित्र तयार झालं नव्हतं; मी भाषण दिलं. रस्ता झाला, मोरी झाली नाही, पावसाळ्यात वाडी बुडाली. मी मावसाजींशी बोलणं टाकलं.

दिवाळीला मावशीनं ओढूनच नेलं. खाला आधीच तिथे, पडद्यासमोर. धुरा न् धुरा जागेवर होता. मावसाजींनी पाऊस पाडला. पाणी धुऱ्याला धरून वळलं, रस्त्यापाशी आलं आणि पलीकडे निघून गेलं. मी म्हटलं, चुकलं, इथं मोरी नाही.

"मी टाकली," ते खाली बघत म्हणाले.

खाला पडद्यावरची आपली वाडी बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "अजून एकडाव पाडा."